मुठीचा विमा

आमच्या उकंडभावजींचं नाव ऐकलं की लोक आधी हसतात. हसा बापा, पोटभर हसा. माझे मालक घरात थोरले. त्यांच्या पाठची तीन लेकरं सासूबाईंच्या मांडीवरच गेली. म्हणून त्यानंतरचं झालं तव्हा त्याला सुपात घालून उकंड्यावर, म्हंजी उकिरड्यावर, नेऊन ठिवलं आन शेजारणीनं उचलून "हे बघा, मला सापडलं" म्हणत परत आणून दिलं. काळाची नजर चुकवायची ती रीत हाय आमच्याकडं. पोरगं वाचलं आन नाव पडलं उकंडराव. मी भिकाबाई, त्यांची थोरली भावजय. मी गोरेगावात नांदायला आले तव्हा हे महाशय झाडावर बसून चिंचा खात व्हते आन वरून माझ्या पदरावर चिंचोके टाकत व्हते. तव्हापासून आमचं भांडण सुरू हाय.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. भावजी हाताशी आले तसे हिंगोलीला एका जिनावर कामाला लागले. कापसातली सरकी काढायचा कारखाना तो. तिथल्या सेठची मोटार व्हती. भावजी आधी मोटार धुवायचे, मग पुसायचे, मग कव्हा चालवायला लागले ते त्यांचं त्यांनाच कळलं न्हाई. अंगात पितळी गुंड्यांचा कोट आला. गावाला आले की पोरं कोटाला हात लावून बघायची. मला लई कौतुक वाटायचं, पण मी दाखवायची न्हाई. दाखवलं असतं तर डोक्यावर चढून बसले असते.

पण एकदा मी आन मालक हिंगोलीला गेलो तव्हा मी माझ्या डोळ्यानं बघितलं. भावजी भाकर खाऊन राहिले व्हते. पहिला घास तोंडाशी, आन आतून सेठची हाळी, "ए उकंड्या!" घास तसाच ठिवून हे पळाले. परत आले तव्हा भाकर कावळ्यानं नेलती. मी म्हणलं, "काहून वो भावजी, घास तर गिळायचा." ते म्हणले, "वैनी, हाळी आली की घास गिळायचा नसतो, राग गिळायचा असतो." माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, एक दिवस असा यील की मला कुणी 'ए' म्हणणार न्हाई.

दोन हंगामांनी सेठनं नवी मोटार घेतली. जुनी छपराखाली पडली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. भावजींनी आपल्या राहिलेल्या मजुरीच्या बदल्यात ती जुनी मोटार मागून घेतली, पितळी गुंड्यांचा कोट सेठच्या मुनीमाच्या हातावर ठिवला आन मोटार घेऊन गावाला आले. सगळं गाव वेशीवर. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मोटारीच्या नाकाला कुंकू लावलं. मालक कपाळाला हात लावून म्हणले, "बैल आणायचा सोडून डबडं आणलं गाढवानं!" पण रात्री गुपचूप जाऊन गादीवर बसून आले, हे मला ठावं हाय.

आमच्या मळ्यात भाजी व्हायची, बांधावर सीताफळं. बैलगाडीनं हिंगोलीला पोचेपर्यंत भाजी सुकायची आन सीताफळाचा लगदा व्हायचा. मोटारीनं ताजा माल बाजारात उतरायला लागला. भावजी आपल्या शेताचे, आपल्या गाडीचे धनी झाले. चालताना मान ताठ. मी म्हणायची, "भावजी, मान खाली घ्या, दाराची चौकट लागंल."

हिंगोलीला नाना म्हणून एक भले गृहस्थ व्हते, देवळाचे कारकून. ते विम्याचंबी काम बघायचे. त्यांनी भावजींना पाटावर बसवून समजावलं, "उकंडराव, गाडी म्हंजी लोखंडाचं जनावर. कव्हा लाथ मारंल सांगता येत न्हाई. विमा उतरवा. मोडली, उलटली, तर कंपनी नीट करून देईल." भावजींना पटलं. नानांनी कागद वाचून दाखवला. गाडी घरच्या वापराची. घरची माणसं न्या, देवाला जा, लग्नाला जा, आपला माल बाजारात न्या. फक्त लोकाचा माल भाड्यानं वाहायचा न्हाई. तो वाहिला तर विमा लागू न्हाई. भावजी म्हणले, "मी काहून लोकाचा माल वाहीन? मी काय हमाल हाय?" आन सही केली.

आता मालाचं कसं सुरू झालं ते ऐका, त्यात माझाबी हात हाय. आमची शेजारीण सुमनबाई. जीभ अशी की लोण्यातूनबी काटा काढंल, पण मनानं लई मोठी. तिची लेक हिंगोलीला दिली व्हती. एका बाजाराच्या दिवशी सुमनबाई लोण्याचा गोळा घेऊन दारात. म्हणली, "भिकाबाई, लेकीला एवढा वानोळा जाऊ दे." आता वानोळ्याला कुणी न्हाई म्हणतं का? आपल्या घरचं, शेतातलं ताजं काही असलं तर ते चार आपल्या माणसांना धाडायचं, त्याला कुणी मोल लावत न्हाई. मी गोळा घेतला आन भावजींच्या पायाशी ठिवला.

पुढच्या बाजाराला तीन टोपल्या आल्या. त्याच्या पुढच्याला दारात रांग! लेकीच्या शेजारणीला लोणी पायजे, तिच्या नणंदेला अंडी पायजेत, असं करत करत वानोळ्याचा बाजार झाला. बायांचं लोणी, वांगी, शेंगा विकल्या जायच्या आन परतताना तेल-मीठ, लेकरांचं औषध यायचं. भावजींनी भाडं म्हणून कुणाकडून काही घेतलं न्हाई. पण बाया कशाला रिकाम्या हातानं राहतात? कुणी दारात भोपळा ठिवून जायची, कुणी पसाभर शेंगा. त्या साली आमी भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, भोपळ्याचं भरीत खाऊन खाऊन बेजार झालो. ते भोपळे म्हंजी वानोळा का भाडं, हे कुणाच्या मनातच आलं न्हाई. माझ्याबी न्हाई.

मग आश्विन महिन्यातला तो बाजार. मी स्वतः गाडीत व्हते, मागच्या गादीवर, दोन्ही बाजूला टोपल्या आन मांडीवर सुमनबाईचं लोणी. कयाधू नदीच्या चढावर पुढं एक बैलगाडी व्हती. तिची शिवळ, बैलाला जुवात धरणारी खुंटी, तुटली, बैल सुटला आन गाडी भरल्या ओझ्यानिशी उलटी आमच्याकडं येऊन राहिली! गाडीवान बोंबलून राहिला. भावजींनी चाक असं फिरवलं की मला आभाळ खाली आन नदी वर दिसली. आमी खडकावर जाऊन आदळलो. गाडी आडवी. वांगी नदीत, अंडी माझ्या डोक्यावर, लोणी माझ्या नाकात. भावजींचा पुढचा दात पडला. जीव मात्र कुणाचा गेला न्हाई, नागनाथाची कृपा. मी चिखलातून उठले आन पहिलं काय केलं असंल तर भावजींना शिव्या घातल्या. ते आपले मोडकी मोटार बघून राहिले व्हते. पुढचा आस वाकला, एका चाकाचे लाकडी आरे मोडले, पाण्याच्या टाकीला भोकं, टप फाटून लोंबत व्हता. 

चारच दिवसात सेठचा मुनीम आला. माणूस गोड, पण मधाच्या बोटाखाली विळा. म्हणला, "उकंडराव, हंगाम सुरू होऊन राहिला. सेठ म्हणतात मोडकं भंगारात घाला आन कोट घालून या. जागा दिवाळीच्या पाडव्यापर्यंत राखून ठिवतो." पितळी गुंड्यांचा कोट त्यानं पिशवीतून काढून आमच्या बाजेवर ठिवला. गाडी पाडव्याच्या आत उभी राहिली तर भावजी आपले धनी, न्हाई तर पुन्हा 'ए उकंड्या'. आमच्या घरात त्या दिवसापासून दुसरा विषय न्हाई.

पण विमा व्हता ना! नानांनी कंपनीला कळवलं. हैदराबादेहून एक साहेब तपासाला येणार असं ठरलं. नाना आदल्या दिवशी येऊन हळूच म्हणले, "उकंडराव, साहेबाला सांगा, औंढ्याच्या नागनाथाला चाललो व्हतो, घरची माणसं व्हती." भावजींनी मान हलवली न्हाई, नकारबी दिला न्हाई. मी मात्र गावभर फिरून सगळ्या बायांना बजावलं, "साहेब येणार हाय. गाडीबद्दल चांगलं बोला गं, चांगलं बोला." घ्या! एवढंच सांगितलं. काय बोलायचं न्हाई, ते सांगायचं राहिलं.

साहेब आला. काळा कोट, हातात छडी, बोलणं अदबीचं. पारावर घोंगडी अंथरली, पाणी दिलं. आन आमच्या बायांना काय वाटलं? त्यांना वाटलं, गाडीची जितकी थोरवी सांगावी तितकी भरपाई जास्ती! सोयरीक जमवताना पोराचं सांगतात ना, तसं सुरू झालं. सुमनबाई पहिली उठली. "साहेब, ही गाडी म्हंजी गावाची लक्ष्मी. माझं लोणी दर बाजाराला हीच नेती." दुसरी म्हणली, "माझी अंडी." तिसरी, "माझ्या शेंगा, आन येताना तेल." कुणी म्हणलं चार टोपल्या, कुणी म्हणलं दहा, एकीनं तर चढाओढीत अख्खी म्हैस गाडीत बसवली! मी मागून डोळे मोठे करून राहिले, तर सुमनबाईला वाटलं मी तिला शाबासकी देऊन राहिले. तिनं आणखी जोर लावला. नानांचा चेहरा पांढराफटक पडला.

साहेब सगळं ऐकून शांतपणे भावजींकडं वळला. "उकंडराव, सच बोलो. लोगों का माल ले जाते थे?"

"व्हय साहेब."

"भाडा लेते थे?"

भावजी उभे राहिले. पडलेल्या दातातून बोलणं जरा फुसफुस निघायचं, पण आवाज खणखणीत. म्हणले, "भाडं कव्हा मागितलं न्हाई. पण कुणी भोपळा दिला तर तो खाल्ला. औंढ्याला चाललो व्हतो असं सांगता आलं असतं. पण नागनाथाचं नाव घेऊन खोटं बोलू, आन उद्या त्याच रस्त्यानं गाडी हाकू? ते माझ्यानं व्हायचं न्हाई."

साहेबानं छडीनं मातीवर रेघा ओढल्या. म्हणला, "आदमी सच्चे हो. मगर कंपनी का कायदा है. गाडी घर की, काम बाजार का. इसमें विमा नहीं बैठता." त्याला दोष कसा द्यावा? तो वाईट माणूस नव्हता. पण तो टांग्यात बसून गेला.

मग मी जे तोंड सोडलं म्हणता! "मुडद्यांनो, म्हैस बसवता गाडीत? म्हैस? तुमच्या जिभेला हाडच न्हाई. त्या माणसानं तुमची ओझी वाहिली आन तुमी त्याला परत चाकरीला जुंपलं!" बाया खाली मान घालून उभ्या. सुमनबाई, जी आयुष्यात कुणापुढं गप्प बसली न्हाई, ती पदर तोंडाला लावून हुंदके देऊन राहिली. तिचं रडणं बघून माझा राग कुठल्या कुठं गेला आन मीबी रडायला लागले.

तिथंच पारावर दगडोबा बसला व्हता. गावातला म्हातारा शेतकरी, चार शब्द बोलायला अख्खा दिवस लावणारा. तो म्हणला, "रडता काहून? कुणाचा बैल ऐन नांगरणीत मेला तर आपून काय करतो?"

कुणीतरी म्हणलं, "इर्जिक घालतो."

"मग घाला की."

आमच्याकडं असं हाय. एखाद्याचं वावर बैलावाचून पडलं, तर सगळं गाव आपापले नांगर घेऊन त्या वावरात उतरतं आन सूर्य मावळायच्या आत ते नांगरून देतं. मजुरी न्हाई, उपकार न्हाई. धन्यानं फक्त जेवण घालायचं. ती इर्जिक. पण मोटारीची इर्जिक कुणी ऐकली व्हती का? मालक म्हणले, "मोटारीला काय नांगर लावता?" दगडोबा म्हणला, "व्हय. लागला तर लावू."

भावजींचा जिनावरचा दोस्त करीम मिस्त्री, यंत्रं नीट करणारा माणूस, सुट्टी घेऊन आला. आधी बैलजोड्यांनी मोटार कयाधूतून ओढून गावात आणली. मग इर्जिकीच्या दिवशी उजाडताच काम सुरू. लोहारानं भट्टी पेटवली, वाकलेला आस लाल करून सरळ केला. सुतारानं बाभळीचे आरे तासून चाकात बसवले. कल्हईवाल्यानं पाण्याच्या टाकीची भोकं बुजवली. शिंप्यानं गोणपाटाचा टप शिवला. करीम मिस्त्री अंगभर काळा होऊन गाडीखाली, आन वरून भावजी त्याला हत्यारं देऊन राहिले. मी आन सुमनबाई चुलीवर. किती भाकरी थापल्या ते चुलीलाच ठावं. भोपळ्याची भाजी मात्र केली न्हाई, शप्पथ घेतली व्हती.

दिवस कलला. सगळं जागच्या जागी बसलं. भावजींनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, दहादा. गाडी ढिम्म! करीमनं मारून बघितलं तर हँडल असं उलटं फिरलं की त्याचा हात थोडक्यात वाचला. सूर्य टेकडीला टेकला. मावळला तर इर्जिक मोडली, आन मोडलेली इर्जिक अपशकुनी.  करीम कपाळ पुसत म्हणला, "भाभी, अब इसको धक्का नहीं, खिंचाव होना." दगडोबा उठला, आपली बैलजोडी सोडून आणली आन मोटारीला जुंपली! मागोमाग आणखी दोन जोड्या. बैल धावले, मागून सगळं गाव धावलं, वेशीच्या उतारावर गाडीनं एक ढेकर दिला, धूर सोडला आन फट्‌फट्‌फट्‌ सुरू झाली! बैल बुजून पळाले, दगडोबाचा पटका उडाला. या बया, काय तो आरडाओरडा! भावजी भोंगा वाजवून राहिले आन रडून राहिले. मी धावता धावता पडले, गुडघा फुटला, आन मला त्याचं काही वाटलं न्हाई.

जेवणं झाली. पण सुमनबाई भांडी घासता घासता थांबली. म्हणली, "भिकाबाई, आता पुन्हा टोपल्या जाणार, पुन्हा काही झालं तर? कंपनी तर आपल्याला विचारत न्हाई." मी म्हणलं, "मग आपून आपल्याला विचारू." त्या राखेनं भरलेल्या हातानं आमी दोघींनी ठरवलं, मारुतीच्या देवळात एक कणगी ठिवायची. जी टोपली गाडीत चढंल तिच्या धन्यानं आधी कणगीत मूठभर ज्वारी टाकायची. वाटंत कुणाचा माल गेला, गाडीला काही झालं, तर त्या कणगीतून भरायचं. माल लोकाचा का घरचा, भाडं का भोपळा, विचारायचं न्हाई. मूठ टाकली ना? मग झालं. सकाळी पंचांना सांगितलं. त्यांनी आधी नाक मुरडलं, मग आपापल्या मुठी आणल्या. मागल्या सुगीची ज्वारी अजून घरात व्हती, कणगी भराभर वर आली.

पाडव्याच्या आदल्या दिवसाचा बाजार. गाडी टोपल्यांनी भरली. जवळच्या तांड्यावरचा थावरा पहिल्यांदाच आला, बंजारा माणूस, घागरभर तूप घेऊन. वर्षभराचं साठवलेलं, पोरीच्या लग्नाच्या तयारीचं. मूठ टाकली आन घागर पुढं ठिवली. भावजी निघाले, मी सोबत.

आता भावजींचा दोष सांगते, तो झाकायचा न्हाई. हिंगोलीत शिरताना त्यांना जिन दिसलं. अंगात काय संचारलं कुणास ठावं! भोंगा दाबला, गाडी सोडली, आन सेठच्या फाटकापुढून असे सुसाट निघाले की फाटकातला मुनीम मागं सरकला. मी ओरडले, "भावजी, घागर!" वळणावर एक शेळी आडवी आली, यांनी गाडी गपकन थांबवली, घागर कलंडली आन थावराचं तूप गादीवरून रस्त्यावर. कुत्री धावून आली.

मुनीम चालत आला. तूप बघितलं, भावजींकडं बघितलं आन मधाळ आवाजात म्हणला, "आता हे कोण भरून देणार? कंपनी? उकंडराव, सेठ भरून देतील. उद्या पाडवा. कोट अंगात घाला, बस्स." भावजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आन मला कळलं की हा माणूस आता 'व्हय' म्हणणार. पोरीच्या लग्नाचं तूप व्हतं ते. मी म्हणलं, "मुनीमजी, तुमाला गोरेगावात कापसाचे सौदे करायचे हायत ना? चला, बसा गाडीत. उत्तर गावात मिळंल." बाजारात टोपल्या उतरवल्या आन मुनीमाला घेऊन परतलो.

गावात पारावर भावजी उभे राहिले. मुनीम, थावरा, त्याच्या तांड्यावरची माणसं, सगळं गाव समोर. म्हणले, "शेळी निमित्त. चूक माझी. मी जिनापुढं मिजास दाखवायला गाडी पळवली. कणगी माझ्या मिजाशीसाठी न्हाई. थावराचं तूप मी भरून दीन, त्यासाठी चाकरीला जाईन." थावरा हात जोडून म्हणला, "राहू द्या मालक, तूपच हाय." पण त्याची नजर रिकाम्या घागरीवरून हलंना.

पंचांत मतं फुटली. एक म्हणला, चूक स्वतःची असली तर कसं भरायचं? दुसरा म्हणला, तांड्याचा माणूस, आपल्या गावचा न्हाई. माझा पारा चढला, मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनबाई उठली. तिच्या हातात तुपाचं सट व्हतं. थावराच्या रिकाम्या घागरीत तिनं ते उपडं केलं आन म्हणली, "त्यानं मूठ टाकली का न्हाई? टाकली. मग चूक कुणाची ते उद्या भांडू, तूप आज भरा. मला कणगीतून ज्वारी मोजून द्या." मग काय! घराघरातून वाट्या निघाल्या, पळ्या निघाल्या. तूप घागरीत, ज्वारी पदरात. कंपनीचा साहेब हैदराबादेहून येऊन 'न्हाई' म्हणून गेला व्हता, आन आमच्या बायांनी दिवेलागणीच्या आत 'व्हय' म्हणून दाखवलं. थावराची घागर काठोकाठ भरली. तो सुमनबाईच्या पाया पडला. ती म्हणली, "ऊठ रे, तूप सांडंल पुन्हा."

शिक्षा भावजींना झाली बरं का. बायांनी गाडीचा भोंगा काढून महिनाभर मारुतीच्या देवळात टांगला. महिनाभर हा मोटारीचा धनी गल्लीबोळातून "होऽ, सरका होऽ" असं गाडीवानासारखं ओरडत फिरला. मी रोज दारात उभं राहून ऐकायची आन हसून हसून माझं पोट दुखायचं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. अंधारून आलं, मुनीमाला परत हिंगोलीला जायचं व्हतं. तो घसा खाकरून म्हणला, "ए उक..." आन थांबला. आजूबाजूला सगळं गाव उभं व्हतं, तांडा उभा व्हता, बायांच्या हातात अजून तुपाच्या पळ्या व्हत्या. मुनीमानं टोपी नीट केली. म्हणला, "उकंडरावजी, सेठला काय सांगू?"

भावजींनी घरातून तो कोट आणून त्याच्या हातावर ठिवला. म्हणले, "सांगा, उद्या पाडव्याला यायचं जमणार न्हाई. गावाच्या टोपल्या न्यायच्या हायत. आन चला, तुमाला सोडून येतो. तेवढी मूठ टाका आधी."

मुनीम खिसे चाचपून राहिला. ज्वारी कुठली असणार त्याच्या खिशात? शेवटी सुमनबाईनंच त्याच्या ओंजळीत आपल्या पदरातली ज्वारी घातली, आन जिनवाल्या सेठचा मुनीम देवळाची पायरी चढून आमच्या कणगीत मूठ टाकून आला.